गंग महालातील शांतता : भाषेविना वाढलेली मुले आणि मेंदूचे विज्ञान

1582 साली अकबर बादशहा मोजक्या सेवकांसह फत्तेपूर सिक्रीच्या परिसरातील एका इमारतीत गेला. सुमारे चार वर्षांपूर्वी त्याच्याच आज्ञेने तेथे काही तान्ही मुले ठेवण्यात आली होती. त्यांना दूध पाजणाऱ्या दायांनी आणि राखणदारांनी मुलांसमोर अवाक्षरही काढायचे नाही, अशी व्यवस्था होती. बादशहा आत गेला तेव्हा चार वर्षांच्या त्या मुलांकडून एकही शब्द ऐकू आला नाही. मुक्यांच्या तोंडून निघतो तसा ध्वनी तेवढा निघत होता, असे अबुल फझलने ‘अकबरनामा’त नोंदवले आहे. लोकांनी त्या इमारतीला ‘गंग महाल’, म्हणजे मुक्यांचे घर, असे नाव दिले. अब्दुल कादिर बदायुनी हा अकबरावर नाराज असलेला इतिहासकार. त्यानेही या प्रयोगाची नोंद केली आहे. त्याच्या लेखी मुलांची संख्या सुमारे वीस होती, ती पैसे देऊन आयांकडून घेतलेली होती आणि त्यांतील काही तेथेच दगावली.

मुलांना एकांतात वाढवून भाषेचा उगम शोधण्याची कल्पना अकबराच्या आधीपासूनची आहे. इजिप्तचा राजा साम्मेटिकस याने दोन बालके एका मेंढपाळाकडे सोपवली आणि त्यांचा पहिला शब्द फ्रिजियन भाषेतील ‘भाकर’ या अर्थाचा निघाला, अशी कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दिली आहे. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस दोन मुले एका मुक्या स्त्रीबरोबर निर्जन बेटावर ठेवल्याची आख्यायिका आहे. ती मुले पुढे हिब्रू बोलू लागली, असेही सांगितले जात असे. या राजांना मानवाची ‘मूळ भाषा’ हवी होती. अकबराचे गृहीतक निराळे होते. बोलणे हे ऐकण्यातून येते, असे त्याचे म्हणणे होते. काही जणांना ते पटेना, म्हणून त्याने ही परीक्षा मांडली, असे अबुल फझल सांगतो. आधी गृहीतक, मग चाचणी, मग निरीक्षण असा हा क्रम आधुनिक वाचकाला परिचित वाटेल. निष्कर्षही बरोबर निघाला; त्याची किंमत मात्र अजाण बालकांनी मोजली.

या प्रयोगाला एक उपकथानक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मुघलांचा इतिहास लिहिणाऱ्या कात्रू या फ्रेंच जेझुइटाने म्हटले आहे, की ही मुले आपल्या मुक्या दायांकडून शिकलेल्या हावभावांनी मनोगत व्यक्त करत. कात्रू प्रत्यक्षदर्शी नव्हता आणि घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होता. त्यामुळे त्याचा वृत्तांत पुरावा म्हणून तोकडा आहे. परंतु त्यातून निघणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. कानाने न मिळालेली भाषा डोळ्यांनी मिळू शकते का? या प्रश्नाकडे विज्ञानाने जवळजवळ चार शतके पाठ फिरवली आणि उत्तर भलतीकडेच शोधले.

लांडग्यांच्या बिळातले पुरावे

अठराव्या शतकात लिनियसने आपल्या वर्गीकरणात ‘होमो फेरस’, म्हणजे रानटी अवस्थेतील माणूस, असा एक वेगळा कप्पा केला. एकोणिसाव्या शतकात या कप्प्यात भर घालणाऱ्या कथा प्रामुख्याने भारतातून गेल्या. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने अवध प्रांतात लांडग्यांबरोबर सापडलेल्या मुलांचे वृत्तांत जमवले. आग्र्याजवळच्या सिकंदरा येथील मिशनच्या अनाथालयात असाच एक मुलगा आणण्यात आला. तो शनिवारी आला म्हणून त्याचे नाव सनीचर पडले. तो तेथे अनेक वर्षे जगला, परंतु बोलायला शिकला नाही.

सर्वांत गाजलेले प्रकरण मेदिनीपूरचे. तेथील अनाथालयाचे चालक रेव्हरंड जोसेफ अमृत लाल सिंग यांनी सांगितले, की 1920 साली लांडग्यांच्या बिळातून आपण दोन मुली बाहेर काढल्या. त्यांची नावे अमला आणि कमला ठेवण्यात आली. अमला 1921 मध्ये वारली, कमला 1929 मध्ये. कमला चार पायांवर धावत असे, कच्चे मांस खात असे, रात्री ओरडत असे आणि अनेक वर्षांच्या शिकवणीनंतर मोजके शब्द बोलू लागली, असे सिंग यांच्या रोजनिशीत होते. ही रोजनिशी रॉबर्ट झिंग या मानवशास्त्रज्ञाच्या साहाय्याने 1942 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. बालविकासाचे नामांकित अभ्यासक आर्नोल्ड गेसेल यांनी त्याआधीच वर्षभर या कथेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. तेव्हापासून समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या दोन मुली ठाण मांडून बसल्या आहेत.

त्यांची चौकशी भारतातच झाली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न आणि नोआखालीच्या दौऱ्यात गांधीजींचे सचिव राहिलेले मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी या प्रकरणाचा माग काढला आणि 1959 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. मुली अनाथालयात होत्या, याला दुजोरा देणारे लोक त्यांना भेटले. त्या लांडग्यांच्या बिळातून निघाल्या, याचा स्वतंत्र पुरावा मात्र मिळाला नाही. 2007 मध्ये फ्रेंच लेखक सर्ज आरोल यांनी जुनी कागदपत्रे तपासून हा सारा वृत्तांतच बनावट ठरवला आणि कमलाला जन्मजात चेताविकार असावा, असे प्रतिपादन केले.

येथे प्रश्न केवळ एका कथेच्या खरेखोटेपणाचा नाही. लांडगे खरे असते तरी या मुलींवरून भाषेविषयी काही सिद्ध झाले नसते. मूल टाकून दिले म्हणून मागे पडले, की आधीच मागे पडलेले दिसले म्हणून टाकून दिले? रानात सापडण्यापूर्वी ते किती काळ माणसांत होते? कुपोषण, मारहाण, आजार यांचा वाटा किती? कारण आणि परिणाम यांची अशी सरमिसळ झालेली असताना एका मुलाच्या मौनावरून निसर्गनियम काढता येत नाही.

हाच पेच 1800 साली दक्षिण फ्रान्समध्ये सापडलेल्या मुलाबाबतही होता. सुमारे बारा वर्षांच्या या मुलाला पॅरिसच्या राष्ट्रीय कर्णबधिर संस्थेत आणण्यात आले. तरुण डॉक्टर झां इतार यांनी त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि पाच वर्षे त्याला शिकवले. व्हिक्टर काही लिखित शब्द ओळखू लागला, परंतु बोलणे त्याला साधले नाही. 1828 मध्ये तो वारला. इतार यांची चिकाटी मोठी होती आणि विशेष शिक्षणाच्या अनेक पद्धतींची मुळे त्यांच्या कामात सापडतात. तरीही एक गोष्ट खटकते. ज्या संस्थेच्या आवारात कर्णबधिर मुले दिवसभर सांकेतिक भाषेत गप्पा मारत होती, त्याच आवारात व्हिक्टरला भाषा शिकवण्याचा प्रयत्न झाला तो तोंडी बोलीचा आणि अक्षरांचा. सांकेतिक भाषा त्याला पद्धतशीरपणे कधीच शिकवली गेली नाही. पुढे इतिहासकार हार्लन लेन यांनी हाच आक्षेप नोंदवला.

बारा वर्षांची सीमारेषा

1967 मध्ये एरिक लेनेबर्ग यांचे भाषेच्या जैविक पायांविषयीचे पुस्तक आले. भाषा आत्मसात करण्यासाठी मेंदूला ठरावीक मुदत असते. साधारण दोन वर्षांच्या वयापासून पौगंडावस्थेपर्यंतचा हा ‘क्रांतिक कालखंड’ उलटला, की मातृभाषा म्हणून कोणतीही भाषा पूर्णपणे आत्मसात होत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. डाव्या गोलार्धाला इजा झालेली लहान मुले पुन्हा बोलू लागतात, प्रौढांना मात्र ते जड जाते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता.

तीनच वर्षांनी, नोव्हेंबर 1970 मध्ये, अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात एक तेरा वर्षांची मुलगी अधिकाऱ्यांच्या नजरेस पडली. जवळजवळ दोन वर्षांची असल्यापासून तिला एका खोलीत कोंडून, बहुतेक वेळ बांधून ठेवलेले होते. आवाज केला की मार मिळत असे आणि तिच्याशी कोणी बोलत नसे. ओळख लपवण्यासाठी संशोधकांनी तिला ‘जीनी’ असे नाव दिले. लेनेबर्ग यांच्या सिद्धांताची परीक्षा जणू समोर येऊन उभी राहिली होती.

भाषाशास्त्रज्ञ सुझन कर्टिस यांनी तिच्या प्रगतीचा बारकाईने अभ्यास केला आणि 1977 मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. जीनी शब्द भराभर शिकली. वस्तू, रंग, माणसे, भावना यांची नावे तिला येऊ लागली. दोन-तीन शब्द जोडून ती आपल्या भूतकाळाविषयीही सांगू लागली. परंतु शब्दांना बांधणारे व्याकरण तिच्या हाती लागले नाही. प्रश्न विचारणे, सर्वनामे नीट वापरणे, क्रियापदांची रूपे साधणे या गोष्टी अडून राहिल्या. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवण्याच्या चाचणीत असे दिसले, की ती भाषेसाठी प्रामुख्याने उजवा गोलार्ध वापरत होती. बहुसंख्य उजव्या हाताच्या माणसांत हे काम डावा गोलार्ध करतो.

जीनीची कहाणी पुढे दुःखद झाली. 1970 च्या दशकाच्या मध्यास सरकारी संशोधन-निधी थांबला. त्यानंतर ती वेगवेगळ्या घरांत फिरत राहिली, तेथेही तिच्या वाट्याला छळ आला आणि मिळवलेले शब्द ती गमावत गेली. तिच्यावरील उपचार आणि तिच्यावरील संशोधन यांतील सीमारेषा कोणी सांभाळायची होती, हा प्रश्न आजही संशोधन-नीतीच्या वर्गांत विचारला जातो. शास्त्रीय दृष्ट्याही निष्कर्ष निर्विवाद नव्हता. तिच्यात जन्मजात बौद्धिक न्यूनता होती का, यावर तज्ज्ञांत एकमत झाले नाही. उपासमार, मारहाण आणि भाषेचा अभाव यांचे परिणाम एकमेकांपासून वेगळे करणेही अशक्य होते.

जीनीशेजारी आणखी एका मुलीची नोंद ठेवावी लागते. 1938 मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात साडेसहा वर्षांची एक मुलगी सापडली. अभ्यासकांनी तिला ‘इझाबेल’ म्हटले. तीही अंधाऱ्या खोलीत कोंडलेली होती, परंतु एकटी नव्हती. मूकबधिर आई तिच्यासोबत होती आणि दोघी खुणांनी एकमेकींशी संवाद साधत. वाचा-उपचारतज्ज्ञ मेरी मेसन यांच्या शिकवणीनंतर इझाबेल दोन वर्षांत आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली, असे समाजशास्त्रज्ञ किंग्सले डेव्हिस यांनी नोंदवले. कोंडलेल्या दोघी, एक तेराव्या वर्षी सुटली, दुसरी सातव्याच्या आत. एकीशी कोणीच संवाद साधला नव्हता, दुसरीशी साधला होता. या दोन फरकांपैकी कोणता निर्णायक ठरला, हे दोन मुलींवरून सांगता येत नव्हते. त्यासाठी तुलना हवी होती आणि तुलनेसाठी संख्या हवी होती.

बुखारेस्टची मोजणी

ती संख्या एका राजकीय निर्णयाने निर्माण केली. रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढवण्यासाठी 1966 मध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पोसता न येणारी मुले सरकारी संस्थांत जाऊ लागली. 1989 मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखाहून अधिक मुले होती. तेथे अन्न होते, छप्पर होते. परंतु एका परिचारिकेकडे इतकी मुले असत, की कडेवर घेणे, डोळ्यांत पाहणे, बाळाच्या हुंकाराला उत्तर देणे यांसाठी कोणाला वेळ नव्हता.

2000 च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक प्रकल्प सुरू केला. 6 ते 31 महिने वयाची 136 मुले निवडण्यात आली. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने प्रतिपालक कुटुंबांत पाठवली गेली, निम्मी संस्थेत राहिली. शहरातील घरांत वाढणारी मुले तुलनेसाठी घेतली गेली. मुलांना संस्थेत राहू देणे नैतिक आहे का, यावर मोठा वाद झाला. शहरात प्रतिपालक कुटुंबांची व्यवस्था तेव्हा जवळजवळ नव्हतीच आणि पुढे तशी सोय झाल्यास कोणत्याही मुलाला संस्थेत अडकवून ठेवायचे नाही, हा प्रकल्पाचा नियम होता. तरीही वाद पूर्णपणे मिटला नाही.

भाषेबाबतचा निकाल स्पष्ट होता. 15 महिन्यांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची भाषा तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरांत वाढलेल्या मुलांसारखीच होती. दोन वर्षांनंतर कुटुंबात गेलेली मुले त्या वयात संस्थेतील मुलांइतकीच मागे होती. मेंदूतील विद्युत-लहरींच्या मोजणीतही दोन वर्षांची हीच रेषा दिसली. आठ ते अकरा वर्षांच्या वयात एमआरआय चाचण्या झाल्या, तेव्हा संस्थेत राहिलेल्या मुलांच्या मेंदूतील करडा भाग आणि पांढरा भाग दोन्ही कमी भरले. कुटुंबात गेलेल्या मुलांचा पांढरा भाग, म्हणजे मेंदूच्या विभागांना जोडणाऱ्या तंतूंचा भाग, बराचसा सावरला होता. करडा भाग सावरला नव्हता. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास वेगळ्या गटाने केला. 2020 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तोवर ही मुले विशीत पोहोचली होती आणि चांगल्या घरांत वाढली होती; तरी त्यांच्या मेंदूचे एकूण आकारमान तुलनेच्या गटापेक्षा सरासरी 8.6 टक्क्यांनी कमी होते.

मेंदूत नेमके काय घडते? जन्माच्या वेळी मेंदूतील जोडण्या गरजेपेक्षा अधिक होऊ लागतात आणि अनुभवाच्या आधारे त्यांची छाटणी होते. वापरल्या जाणाऱ्या जोडण्या बळकट होतात, न वापरलेल्या विरतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960 च्या दशकात मांजरांच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ झाकून हे दृष्टीबाबत दाखवून दिले. झाकलेल्या डोळ्याच्या वाट्याचा मेंदूचा प्रदेश उघड्या डोळ्याने बळकावला आणि नंतर झाकण काढूनही तो पूर्ववत झाला नाही. 1981 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

भाषेच्या बाबतीतील सर्वांत सुबक प्रयोगांपैकी एकात भारतीय ध्वनी वापरले गेले. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजीभाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांसारखे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही आणि इंग्रजीभाषक प्रौढांना तो सहसा ओळखता येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांनी तो गमावला. बाळाने पहिला शब्द उच्चारण्याआधीच मेंदूने घरातील भाषेनुसार छाटणी सुरू केलेली असते. भाषेची मुदत हे एकच दार नाही. ध्वनींची खिडकी लवकर मिटू लागते, व्याकरणाची सावकाश मिटते आणि नवे शब्द शिकण्याची जन्मभर उघडी राहते. जीनीला शब्द आले, व्याकरण आले नाही, याची संगती येथे लागते.

मौन कानाचे, भाषा डोळ्यांची

उपेक्षा, मार आणि उपासमार यांपासून भाषेचा अभाव वेगळा काढून पाहायचा, तर अशी मुले हवीत ज्यांना माया मिळाली, अन्न मिळाले, फक्त भाषा मिळाली नाही. अशी मुले जगभर होती आणि आहेत. ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, सांकेतिक भाषेशी संपर्क न आलेली कर्णबधिर मुले ती हीच. अमेरिकेतील पाहण्यांनुसार दर शंभर कर्णबधिर मुलांपैकी नव्वदहून अधिक जणांचे आईवडील ऐकू शकणारे असतात.

मानसभाषाशास्त्रज्ञ रेचेल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये एक तुलना मांडली. काही कर्णबधिर प्रौढांना बालपणी कोणतीच भाषा नीट मिळाली नव्हती; शाळकरी वयात ते अमेरिकन सांकेतिक भाषा शिकले. दुसऱ्या गटातील व्यक्ती त्याच वयात ती भाषा शिकल्या होत्या, परंतु त्या जन्मतः ऐकत होत्या, बोलत होत्या आणि नंतर बहिऱ्या झाल्या होत्या. अनेक वर्षांच्या वापरानंतरही पहिला गट व्याकरणात मागे राहिला. दुसऱ्या गटाने ती भाषा उत्तम आत्मसात केली. याच अभ्यासाचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. तान्हेपणापासून सांकेतिक भाषा मिळालेले कर्णबधिर प्रौढ इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीत बालपणी भाषेला मुकलेल्यांपेक्षा कितीतरी पुढे होते. मेंदूला सुरुवातीच्या वर्षांत हवी असते ती भाषा. ती कानाने येते की डोळ्यांनी, हा प्रश्न दुय्यम आहे. एक भाषा वेळेवर रुजली, की पुढच्या भाषांना तिचा पाया मिळतो.

2019 मध्ये मेबेरी यांच्याच गटाने, बालपणी भाषा न मिळालेल्या तीन कर्णबधिर प्रौढांच्या मेंदूचे चित्रण केले. डाव्या गोलार्धातील भाषेच्या मागच्या व पुढच्या केंद्रांना जोडणारा तंतूंचा पट्टा त्यांच्यात दुबळा आढळला. जन्मापासून सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांत मात्र तो ऐकणाऱ्यांसारखाच होता. या तिघांना मारहाण किंवा कोंडवाडा वाट्याला आला, म्हणून हे घडले नव्हते.

याच प्रश्नाची उजळ बाजू निकाराग्वात दिसली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. घरी प्रत्येकाच्या मोजक्या घरगुती खुणा होत्या. शाळेत ही मुले एकत्र आली आणि काही वर्षांतच त्यांच्यातून एक नवी सांकेतिक भाषा घडली. लहान वयात दाखल झालेल्या पुढच्या पिढ्यांनी तिला अधिक बांधीव व्याकरण दिले. एकट्या मुलाला जे साधत नाही, ते मुलांच्या मेळ्याला साधले.

भारतातील प्रश्न

या ज्ञानाच्या वाटेत एक ठराव दीर्घकाळ आडवा आला. 1880 मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शिक्षणातून सांकेतिक भाषा वगळून केवळ तोंडी बोली शिकवावी, असा ठराव तिने केला. मत देणारे जवळजवळ सारेच ऐकणारे होते. भारतातील कर्णबधिरांच्या पहिल्या शाळा याच सुमारास निघाल्या; मुंबईची 1885 मध्ये, कोलकात्याची 1893 मध्ये. येथेही वर्गात ओठांच्या हालचाली वाचणे आणि उच्चार घोटवणे यांवर भर राहिला. सांकेतिक भाषा वसतिगृहांत आणि मधल्या सुट्टीत जगली. 1970 च्या दशकात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता व बंगळुरू येथील संकेतांचा अभ्यास केला, तेव्हा भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा असल्याचे शास्त्रीय पातळीवर मांडले जाऊ लागले. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हर अधिवेशनाने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, 130 वर्षांनी.

2011 च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांनी सुरू झाला आणि 2021 मध्ये 10,000 शब्दांवर पोहोचला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या देशभरातील प्रमाणीकरणाची शिफारस केली. श्रवणयंत्रे आणि कॉक्लियर इम्प्लांट यांसाठी सरकारी साहाय्य मिळते आणि त्याचा लाभ झालेली मुले आहेत. परंतु इम्प्लांटची शस्त्रक्रिया म्हणजे भाषा नव्हे. त्यानंतर दीर्घ प्रशिक्षण लागते आणि प्रत्येक मुलाला सारखे यश येत नाही. त्या निकालाची वाट पाहताना मूल दोन-तीन वर्षे कोणत्याही भाषेविना राहिले, तर गेलेली वर्षे यंत्र परत देत नाही. ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही’ हा समज अजूनही अनेक घरांत, काही दवाखान्यांतही आढळतो. मेबेरी यांच्या निष्कर्षांचा रोख नेमका त्याच्या उलट आहे.

उशीर झालेल्यांबाबत आशा सोडण्याचेही कारण नाही, हे भारतातीलच एका संशोधनाने दाखवले आहे. एमआयटीतील पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीतील डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया होतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांना, हाताने चाचपलेली वस्तू केवळ पाहून लगेच ओळखता आली नाही. परंतु काही दिवसांतच ती जमू लागली. दृष्टीची तीक्ष्णता पूर्ण परत येत नाही, तरी पाहण्याची अनेक कौशल्ये उशिरानेही शिकता येतात. ह्युबेल आणि वीझल यांच्या निष्कर्षावरून जितके दार बंद वाटले होते, तितके ते बंद नव्हते. भाषा आणि दृष्टी यांची गणिते वेगळी आहेत; तरीही आठव्या किंवा बाराव्या वर्षी भेटलेल्या कर्णबधिर मुलाला ‘आता उपयोग नाही’ असे सांगण्याला विज्ञानाचा आधार नाही.

नवजात बालकांच्या श्रवणदोषासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर एक साधे सूत्र वापरले जाते : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना. भारतात काही रुग्णालयांत ही चाचणी होते. प्रत्येक प्रसूतिगृहात ती व्हायला हवी. निदान झाल्याच्या दिवसापासून यंत्राची तयारी आणि सांकेतिक भाषेची सुरुवात दोन्ही एकत्र करता येतात, आणि त्यासाठी मुलाआधी आईवडिलांना ती भाषा शिकवणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत लागतील.